नवतप्यात स्लीव्ह सर्जरी: आधी काय करायचं, नंतर कसं सावरायचं

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०९ किलो. मधुमेह सात वर्षांपासून, झोपेच्या तपासणीनंतर रात्री लावायला श्वासाचं मशीन मिळालंय. शाळेत शिकवता, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचा हिशेब करून मेच्या शेवटच्या आठवड्यातली स्लीव्ह सर्जरीची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची, तारीख घेतली. हातात तीन आठवडे आहेत. तयारी काय करायची, शाळा उघडेपर्यंत उभं राहून शिकवता येईल का, केस खरंच गळतात का, श्रावण सोमवार करता येतील का आणि सासूबाईंना कसं समजवायचं, हे तुमचे प्रश्न. मी नागपुरातच बरीच वर्षं या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा आहार बघते. थिएटरच्या आतलं तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ बघतील. माझं काम आधीच्या आणि नंतरच्या स्वयंपाकघरातलं आहे, आणि माणसं अडखळतात ती बहुतेक तिथेच.

सगळ्यात आधी गोळ्यांचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. तुम्ही मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन घेता. ऑपरेशनच्या आधीचा आहार सुरू झाला की भात-पोळी एकदम कमी होते, आणि ग्लिमेपिराइडचा डोस मात्र तोच राहिला तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिनची अडचण वेगळी आहे. ही गोळी चालू असताना कर्बोदकं फार कमी झाली किंवा उपाशी राहावं लागलं, तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर बऱ्यापैकी ठीक दिसते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात, आणि कमी कर्बोदकांचा आहार असेल तर बरेच डॉक्टर आहारासोबतच थांबवतात. मनाने काही बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि आहार सुरू व्हायची तारीख त्यांना सांगून कागदावर लिहून घ्या. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन कधी घेत असाल, गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, ओळखीच्या वैद्यांचा काढा, काहीही असो, तेही सांगा. इंजेक्शनमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, हे भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवं.

दुसरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, की रात्री आंबट पाणी घशाशी येतं. ही छोटी गोष्ट नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याएवढी निमुळती नळी उरते. तिच्यात दाब वाढतो, त्यामुळे आधीपासून जळजळ असलेल्यांना ती पुढे वाढू शकते. म्हणूनच आधी एंडोस्कोपी करतात. अन्ननलिकेला सूज किंवा मोठा हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) दिसला, तर सर्जन स्लीव्हऐवजी बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं, सुचवू शकतात. एंडोस्कोपी झाली नसेल तर तारखेआधी करून घ्या आणि सर्जनना सरळ विचारा, ‘मला जळजळ आहे, तरी स्लीव्हच का?’ चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४४ च्या आसपास येतो, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विम्याच्या नियमातही ४० च्या वर असलात की बसता (३५ च्या वर असेल तर सोबत गंभीर आजार लागतो), फक्त पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी संपलाय का ते बघा.

बाकीच्या तपासण्यांवर फार लिहीत नाही, यादी हॉस्पिटल देतंच: सोनोग्राफी, टुडी इको, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर. त्यात लोह, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व नसेल तर मागून घ्या. आपल्याकडे बायका मुळातच कमी हिमोग्लोबिन आणि कमी बी-१२ घेऊन येतात, ते आधीच भरून काढलं तर पुढचे सहा महिने सोपे जातात. श्वासाचं मशीन आतापासून रोज रात्री लावा आणि हॉस्पिटलात सोबत न्या. फिजिओथेरपिस्ट तीन गोळ्यांचा श्वासाचा डबा देतील, तो ओढायचा असतो, फुंकायचा नसतो. तो आजच आणून दर दोन तासांनी दहा वेळा ओढा, म्हणजे ऑपरेशननंतर पोट दुखत असताना नव्याने शिकावं लागणार नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी प्रत्येकीला विचारते म्हणून विचारते. खर्रा, गुडाखू, तपकीर काही आहे का? विदर्भात हे बायकांमध्येही आहे आणि बायका ते लपवतात. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, रक्ताची गाठ होण्याचा आणि अल्सरचा धोका वाढतो. त्यात खर्र्यातल्या सुपारीने तोंड आखडतं. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला तोंड पुरेसं उघडावं लागतं. आरशासमोर उभ्या राहून तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालून बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. ते त्याची तयारी करून येतील, तुमच्यावर रागावणार नाहीत.

आता दोन आठवड्यांचा आहार. याला लोक वजन कमी करायची सुरुवात समजतात. वजन उतरतंही, पण हेतू वेगळा आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तुमच्यासारख्या वजनात आणि मधुमेहात तो चरबीने जड आणि ठिसूळ झालेला असतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो, आणि मोठा असला तर खालचं नीट दिसत नाही किंवा रक्तस्राव होतो. कर्बोदकं आणि उष्मांक कमी केले की यकृत साठवलेली साखर, त्यासोबतचं पाणी आणि काही चरबी सोडतं. पंधरा दिवसांत ते बऱ्यापैकी आक्रसतं. म्हणून या पंधरवड्यात ‘शेवटचं एकदा’ म्हणून सावजी मटण, तर्री-पोहा, संत्रा बर्फी असा निरोपसमारंभ करू नका. मला हे फार ठासून सांगावंसं वाटतं, कारण हा निरोपसमारंभ घरोघरी होतो आणि प्रेमापोटी होतो.

दिवसाला साधारण ८०० ते १००० उष्मांक आणि निदान ६० ग्रॅम प्रथिनं, असा हा आहार असतो. काही हॉस्पिटलं पूर्ण शेकवर ठेवतात, काही घरच्या जेवणावर. तुमच्या हॉस्पिटलचा कागद असेल तर तोच पाळा. घरचं असेल तर मी साधारण असं देते. सकाळी पाण्यात किंवा साय काढलेल्या दुधात व्हे प्रथिनाचा (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) एक स्कूप. दहाच्या सुमारास ताक, जिरेपूड घालून, साखर नाही. दुपारी एक वाटी घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, १०० ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी, आणि दोडका, दुधी, पालक अशी भाजी एका चमचा तेलात. भात आणि पोळी दोन्ही बाजूला, किंवा कागदावर असेल तर एकच लहान फुलका. संध्याकाळी पुन्हा शेक. रात्री भाजीचं सूप आणि पनीर किंवा चिकनचे दोन-तीन तुकडे, रस्सा नको. पाणी अडीच लिटर. बटाटा, साबुदाणा, आंबा नाही. मे महिन्यात आंबा नाही म्हणणं मलाही जड जातं, पण नाही. सुरुवातीचे तीन दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, चौथ्या-पाचव्या दिवशी भूक बसते. साखर दिवसातून तीन-चार वेळा तपासा आणि ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज घ्या, डॉक्टरांना फोन करा. आहार मोडेल म्हणून ग्लुकोज टाळू नका.

याच पंधरवड्यात जेवणाचा सराव करायचा, आणि मी रुग्णांना बाकी काही नाही जमलं तरी हे कराच म्हणते. एक लहान वाटी घ्या, मोजून शंभर-दीडशे मिलिलिटरची, आणि चहाचा चमचा. वाटीत घट्ट वरण किंवा कुस्करलेलं पनीर. समोर घड्याळ. एक घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, हातातून सोडायचा. घास पातळ होईपर्यंत चावायचा, वीस-पंचवीस वेळा. गिळल्यावर थोडं थांबून दुसरा. वाटी वीस मिनिटांत संपली पाहिजे, आधी नाही. पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचाच नाही. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. शिक्षिका लोकांना हे फार अवघड जातं, मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायची सवय हाडात मुरलेली असते. पण ऑपरेशननंतर घाईचा एक घास गेला की छातीत मध्यभागी दगड बसल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी होते. ती शिक्षा मिळून शिकण्यापेक्षा आत्ता शिका. दात दुखत असतील, दाढ पोखरलेली असेल, तर दंतवैद्याकडेही याच आठवड्यात जाऊन या.

घराची तयारी. पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. नागपूरच्या मेमध्ये याचा अर्थ आधी कूलर असा होतो. कूलरमध्ये बादलीने पाणी कोण भरणार, ते आजच ठरवा किंवा पाइप लावून घ्या. सिलेंडर, पाण्याचा माठ, वरच्या फळीवरचा कुकर, सगळं कोणाकडे जाईल ते बोलून ठेवा. बाजारातून आणायचं ते असं: ३० मिलिलिटरचे औषधाचे छोटे कप, एक लिटरची खुणा असलेली बाटली, तुम्हाला चव चालेल असं व्हे प्रथिन (मोठा डबा घेऊ नका, ऑपरेशननंतर चव बदलते, आधी लहान पाकिटं घ्या), साय काढलेल्या दुधाची पावडर, मिक्सर, गाळणी, थर्मामीटर, आणि बोटाला लावायचं नाडी-ऑक्सिजनचं यंत्र. करोनाच्या वेळचं कपाटात पडलेलं असेल तर त्याचे सेल बदला.

हॉस्पिटलातले दोन-तीन दिवस तुम्हाला वाटतात त्यापेक्षा सोपे जातात. चार-पाच छोटी छिद्रं असतात. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो चालल्याने कमी होतो. शुद्धीवर आल्यावर काही तासांतच नर्स उभं करतील, चालवतील. ते पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, तेव्हा ‘उद्या चालते’ म्हणू नका. पाणी सुरू झालं की तो ३० मिलिलिटरचा कप हातात येईल. एक कप, पंधरा मिनिटांत, घोटभर घोटभर. पहिला कप घेऊन पोट भरल्यासारखं वाटलं की काही जणी घाबरतात. ती सूज आहे, ती उतरते. गोळ्यांबद्दल तिथेच विचारून घ्या: कोणत्या कुस्करायच्या, कोणत्या नाहीत. सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिन कुस्करायची नसते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा पहिल्या दिवसापासूनच कमी होतात, त्यामुळे घरी जाऊन जुनी चिठ्ठी पुन्हा सुरू करू नका.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस द्रव आहाराचे, आणि तुमचे हे दिवस बरोबर नवतप्यात येतात. २५ मेच्या पुढच्या त्या नऊ दिवसांत इथे पारा ४५ च्या आसपास जातो. निरोगी माणूस तहान लागली की तांब्याभर पाणी घटाघट पितो. तुम्हाला ते येणार नाही. जठरात एका वेळी जातंच थोडं, आणि एकदा मागे पडलात की भरून काढता येत नाही. या शस्त्रक्रियेनंतर लोक पुन्हा हॉस्पिटलात येतात त्याचं एक मोठं कारण पाणी कमी पडणं हे आहे. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, मोबाइलवर गजर लावून. दीड लिटर ही किमान पातळी, दोन झाले तर उत्तम. खुणा असलेली बाटली त्यासाठीच आणली आहे, दुपारी दोनपर्यंत निम्मी संपली नसेल तर घरच्यांना सांगा. पाणी, पातळ ताक, नारळपाणी थोडं, भाजीचं गाळलेलं पाणी, बिनसाखरेचं पातळ लिंबू-मीठ पाणी. कैरीचं पन्हं, उसाचा रस, सरबतं, सोडा नाही. दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पडू नका. चालणं पहाटे साडेपाचला गल्लीत किंवा घरातच, दर दोन तासांनी पाच-सात मिनिटं. लघवी गडद पिवळी झाली, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणी पोटात राहिनासं झालं, तर वाट न बघता सलाइनसाठी जा.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. इथे वरणाच्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं. यवतमाळकडचे एक काका दोन आठवड्यांनी भेटायला आले, चेहरा उतरलेला, चालताना धाप लागत होती. सूनबाई मनापासून करत होत्या, रोज चार वेळा डाळीचं वरचं नितळ पाणी. त्यात मीठ-हळद असते, प्रथिनं जवळजवळ नसतात. ती खाली बसलेल्या डाळीत राहतात. द्रव आहाराच्या दिवसांत दिवसाला निदान ६० ग्रॅम गाठायचे असतील, तर व्हेचे दोन स्कूप दोन-तीन हप्त्यांत विभागून, ते ४५ ते ५० ग्रॅमच्या घरात जातात. पाव लिटर साय काढलेल्या दुधात पावडरीचे दोन मोठे चमचे घातले की आणखी बारा-तेरा. झालं. दूध सोसत नसेल तर आयसोलेट प्रकारचं, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेलं, व्हे मागा. प्रथिनं कमी पडली की शरीर चरबीसोबत स्नायूही जाळतं. वजनकाट्यावर आकडा छान दिसतो, पण अंगात त्राण राहत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ, मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण (डाळीसकट), कुस्करलेलं पनीर, दही, मऊ अंडं, दुधी-भोपळ्याची पेस्ट. दर वेळी चार-पाच मोठे चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नरम शिजवलेलं: मुगाची पातळ धिरडी, मऊ उसळ, वाफवलेला मासा, चिकनचा खिमा. त्यानंतर हळूहळू घरचं साधं जेवण. ताटात क्रम कायम तोच ठेवा, आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. ताजी मऊ पोळी आणि मऊ भात बऱ्याच जणींना वर्षभर अडकतात, त्यापेक्षा ज्वारीची भाकर वरणात कुस्करून बरी जाते. गोळाभात, पाटवडी रस्सा, सांबारवडी हे तेल-तिखटाचं तीन महिने तरी लांब ठेवा. आणि संत्रं. अंबिया बहाराची संत्री बाजारात येतील तोपर्यंत तुमचे चार-पाच महिने झालेले असतील, तेव्हा खा, पण फोडीवरचं पांढरं आवरण आणि बिया काढून आतला गर तेवढा खा. ते आवरण छोट्या जठरात साचून गोळा होतो, हे नागपूरकरांना मी मुद्दाम सांगते. रस मात्र नको, रसातली साखर सहज आत जाते आणि पोट भरल्याचं कळत नाही.

आता धोक्याच्या खुणा. हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला द्या. विश्रांतीत असताना नाडी सतत १२० च्या वर, ताप १०० च्या पुढे, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी वेदना, धाप, खूप अस्वस्थ वाटणं: हे टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याचं लक्षण असू शकतं. ही गुंतागुंत विरळ आहे, अनुभवी हातात शंभरात साधारण एकाला, पण वेळेत पकडली तरच सोपी असते. नाडी बऱ्याचदा तापाच्या आधी वाढते, म्हणून ते बोटाचं यंत्र. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, अचानक छातीत दुखून श्वास लागला, काळी शी झाली, तरीही लगेच जायचं. जवळच्या दवाखान्यात ‘गॅस झाला असेल’ म्हणून इंजेक्शन घेऊन थांबायचं नाही. आधी सर्जनच्या टीमला फोन. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्याच नाहीत, तर थायमिन म्हणजे बी-१ कमी पडून नजर, तोल आणि स्मरणावर परिणाम होऊ शकतो. सलाइनमध्ये नुसती साखर लावण्याआधी थायमिन द्यायला हवं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पाठ-गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालते.

जीवनसत्त्वं आयुष्यभर. लोकांना वर्षभराने कंटाळा येतो, आणि तीन वर्षांनी पायाला मुंग्या घेऊन येतात. रोज एक मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह आणि कॅल्शियम सायट्रेट. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीसोबत चहाही नको. पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं. पित्ताचे खडे वेगाने वजन उतरताना होतात, त्यासाठी सहा महिन्यांची गोळी लिहून देतील तर ती मध्येच सोडू नका. आणि मूल हवं असेल तर बारा ते अठरा महिने थांबा. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, तेव्हा आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून साधन ठरवा.

केस गळतात, खरं आहे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, कंगव्यात पुंजके येतात. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरलेलं वजन यामुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि पुढे गळतात. मुळं मेलेली नसतात, ते परत येतात. प्रथिन, लोह, जस्त कमी पडलं तर मात्र लांबतं. महागडी तेलं आणि बायोटिनच्या बाटल्या घेण्याआधी तुमचा प्रथिनाचा हिशेब मला दाखवा.

शाळेबद्दल. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे तुम्हाला जवळपास महिना मिळतो. बसून काम दोन-तीन आठवड्यांत जमतं, सलग सहा तास उभं राहून मोठ्याने बोलणं पाचव्या आठवड्यात दमवतं. पहिले पंधरा दिवस खुर्चीवरून शिकवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून आधीच घ्या. बाटली टेबलावर, आणि दोन तासिकांच्या मधे दही किंवा शेक. दुचाकी वेदनेच्या गोळ्या बंद झाल्यावर, आणि झटक्यात ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही याची खात्री झाल्यावरच.

वजनाचं गणितही सांगून ठेवते. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण पंचवीस टक्के उतरतं. तुमच्या बाबतीत सत्तावीस-अठ्ठावीस किलो, म्हणजे काटा ऐंशीच्या आसपास. कोणाचं जास्त, कोणाचं कमी. कोणी ‘पंचावन्न किलो होशील’ म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा आठ-दहा दिवस हलत नाही, त्या वेळी माझ्याकडे सगळ्यात जास्त रडवेले फोन येतात. पाणी-प्रथिन चालू असेल तर तो आपोआप हलतो. आठवड्यातून एकदाच वजन करा.

श्रावण सोमवार या वर्षी नको. ऑगस्टात तुम्ही जेमतेम घरच्या जेवणावर आलेल्या असाल. दिवसभर निर्जळ किंवा फराळावर राहिलात तर पाणी आणि प्रथिन दोन्ही बुडतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वर ती चिकट होऊन अडकते. व्रत मनाला लागत असेल तर त्या दिवशी मीठ सोडा, गोड सोडा, पण दही, पनीर, दूध आणि वेळेवर पाणी घ्याच. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणाचा एक चमचा नैवेद्य म्हणून घेतलात तर काही बिघडणार नाही. पानावर बसा, वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

आता सासूबाई. ‘तोंडावर ताबा ठेवला तर ऑपरेशन कशाला’ असं त्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना हे सांगा, की एवढं वजन वाढल्यावर शरीर ते टिकवून धरतं. जेवण कमी केलं की भुकेचं संप्रेरक वाढतं, शरीराचा खर्च घटतो आणि उतरलेलं वजन परत येतं. तुम्ही दहा वर्षांत तीनदा पंधरा-पंधरा किलो उतरवून परत मिळवलंत, तो ताब्याचा अभाव नव्हता. स्लीव्हमध्ये जठराचा जो वरचा भाग काढतात तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं, म्हणून भूक खरोखर कमी होते. पण वाद घालून त्यांना पटेल असं मला वाटत नाही. पुढच्या भेटीला त्यांना सोबत आणा. पहिला महिना स्वयंपाक त्याच करणार आहेत, तेव्हा डाळ किती घट्ट, पनीर घरी कसं लावायचं, कप कसा मोजायचा, ‘अजून दोन घास खा’ का म्हणायचं नाही, हे त्यांनाच विचारू द्या आणि त्यांनाच उत्तर मिळू द्या. येताना दोन गोष्टी आणा: मधुमेहाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला गोळ्यांचा कागद आणि एंडोस्कोपीचा रिपोर्ट. हे दोन्ही तारखेआधी हातात आले नाहीत तर तारीख आठवडाभर पुढे ढकलायला सांगा. सुट्टीचा एक आठवडा कमी झाला तरी चालेल.